जर्सीवरच्या एका शब्दातून गाणं कसं काढायचं (रॉयल्सवाली ट्रिक, सोलापुरी चादरीसकट)

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरची जानेवारीतली यात्रा, उठला की सोलापुरात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटांचा सीझन लागतो आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरवरनं यायला लागतो, की दादा आमच्या कॅप्टनवर एक गाणं पायजे, फायनलच्या आधी पायजे, डीजेवर हाणता आलं पायजे. सोबत एक भलामोठा फॉरवर्ड. नाव, टोपणनाव, पेठ, मंडळ, किती मॅच, किती सिक्स, कुठल्या साली कुणाच्या हस्ते ट्रॉफी, आणि शेवटी "बाकी तुम्ही बघून घ्या". मी हौशी माणूस, दिवसा दुसरंच काम करतो, रात्री लॅपटॉपवर गाणी जुळवतो. आतापर्यंत असली नऊ-दहा केली असतील आणि त्यातली बरी म्हणाल तर दोनच. त्यातलं एक कसं झालं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येकाला तासभर फोनवर समजावत बसायला नको.

ट्रिक माझी नाही, पहिल्यांदाच सांगतो. ती न्यूझीलंडच्या एका शाळकरी पोरीची आहे.

रॉयल्स हे गाणं तुम्ही ऐकलंच असणार, २०१३ ला रिक्षापासून मॉलपर्यंत सगळीकडं वाजत होतं, चुटक्या आणि ढोलासारखा एक धप्प आणि वर मुलीचा जाडसर आवाज. गाणारी लॉर्ड, खरं नाव एला येलिच-ओकॉनर, ऑकलंडची. आता हिला हा शब्द सुचला कुठनं? तर जुनी नॅशनल जिऑग्राफिक मासिकं चाळताना एक फोटो दिसला. जुलै १९७६ च्या अंकातला, टेड स्पीगल नावाच्या फोटोग्राफरने काढलेला. एक बेसबॉल खेळाडू उभा आहे, भोवती चाहते, आणि तो बॉलवर सह्या देतोय. छातीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय रॉयल्स. पोरगी खेळाडूला ओळखत नव्हती, बेसबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, फोटो तर तिच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा. तिला फक्त तो शब्द आवडला. राजेरजवाड्यांचं वेड तिला आधीपासनं होतंच, लॉर्ड हे नावसुद्धा तिने त्यातनंच घेतलं आणि ते फार पुरुषी वाटतं म्हणून इंग्रजीत मागं एक ई चिकटवला.

मग जुलै २०१२, शाळेला सुट्टी, वय पंधरा. घरी बसून साधारण अर्ध्या तासात शब्द लिहिले आणि जोएल लिटल नावाच्या संगीतकाराकडं घेऊन गेली, त्याच्या छोट्या स्टुडिओत त्यांनी ते त्याच सुट्टीत रेकॉर्ड केलं. नोव्हेंबरात पाच गाण्यांची ईपी नेटवर फुकट टाकली. वर्षभरात रॉयल्स अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० ह्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरला, आणि तिथं नऊ आठवडे. जानेवारी २०१४ ला ग्रॅमीत साँग ऑफ द इयर.

आता मुद्द्याची गोष्ट बघा. फोटोतला खेळाडू कोण होता? जॉर्ज ब्रेट, कॅन्सस सिटी रॉयल्सचा थर्ड बेसमन. साधासुधा माणूस नाही. कारकिर्दीत ३,१५४ हिट. १९८० च्या सीझनला सरासरी .३९०, म्हणजे दहातल्या जवळजवळ चार वेळा ह्याची हिट बसणार, आणि त्या खेळात तीनातली एक बसली तरी माणसाला डोक्यावर घेतात. १९८५ ला वर्ल्ड सीरिज, म्हणजे त्यांच्याकडची सात मॅचपर्यंत चालणारी फायनल, जिंकली, १९९९ ला हॉल ऑफ फेमात गेला. आणि एक किस्सा तर असा, की मंडळाच्या फॉरवर्डात असता तर पहिल्या ओळीत आला असता. २४ जुलै १९८३, न्यूयॉर्कमध्ये यँकीजच्या विरुद्ध मॅच, ब्रेटने शेवटाला होमरन (त्यांचा सिक्सच म्हणा) मारला, टीम पुढं गेली, आणि समोरच्या मॅनेजरने येऊन अंपायरला सांगितलं की ह्याची बॅट बघा. बॅटवर पकड यावी म्हणून पाइन टार लावतात, डांबरासारखं चिकट असतं, ते मुठीच्या टोकापासनं १८ इंचाच्या वर चालत नाही. अंपायरने मोजलं, जास्त निघालं, होमरन रद्द, ब्रेट आउट. तो जे काय डगआउटमधनं हात फिरवत, डोळे वटारत अंपायरच्या अंगावर धावून आला ते बघाच एकदा, आपल्या पार्क मैदानावरची भांडणं त्याच्यापुढं भजन वाटतील. नंतर तक्रार मान्य झाली, होमरन परत धरला आणि महिन्याभराने मॅच तिथनंच पुढं खेळवली.

एवढा मालमसाला, आणि गाण्यात ह्यातलं एक अक्षर नाही. ना ब्रेट, ना बेसबॉल, ना बॅट. गाणं आहे टीव्हीवर दिसणाऱ्या हिरे-गाड्या-पार्ट्यांच्या श्रीमंतीवर आणि आपल्याला त्यातलं काहीच मिळणार नाही, न मिळो, आपलं आपण बघू, ह्यावर. म्हणजे छातीवरचा राजेशाही शब्द उचलला आणि आपल्या गल्लीतल्या पोरांना लावून बघितला, तर तो बसेना. ते न बसणं म्हणजेच गाणं.

मला हे कळायला एक फजिती लागली. माझं पहिलं गाणं एका ऑलराउंडरवर होतं, नाव सांगत नाही, चांगला पोरगा आहे. त्याच्या मंडळाने दिलेली सगळी यादी मी यमकात बसवली, चौदा पराक्रम, चार कडवी, मधी हॅटट्रिकसाठी खास ड्रमरोल. बक्षीस समारंभाला लावलं. पहिल्या कडव्याला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला लोक खुर्च्या सरकवायला लागले, तिसरं चालू झालं तेवढ्यात एक कार्यकर्ता येऊन साउंडवाल्याला म्हणला, "बंद कर की बे ते, लकी ड्रॉ काढायचाय." मी मागं वळून बघितलं तर ज्याच्यावर गाणं तो हिरो स्टेजच्या मागं भेळ खात फोनवर बोलत होता. त्याला स्वतःला ऐकायचं नव्हतं! आणि त्याचं बरोबरच होतं, ते सगळं त्याला माहीतच होतं की.

तर आता कसं करायचं ते.

फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि फोटो मागा. एक नाही, पंधरा-वीस मागा, आणि ट्रॉफी घेतानाचे, हार घातलेले, नेत्याशेजारी उभे असलेले आधीच वगळा, त्यात सगळे सारखेच दिसतात. पाहिजेत ते मधल्या वेळेचे. पाणी पिताना, बूट बांधताना, बसची वाट बघताना. ब्रेटचा फोटोसुद्धा होमरनचा नव्हता, सह्या देतानाचा होता, म्हणून तर छातीवरचं नीट वाचता आलं. खेळाडू जुना असेल तर घरातली पत्र्याची पेटी उघडायला लावा. ते नाही जमलं तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुन्या पेपरांच्या फायली मिळतात का विचारा, संचारच्या आतल्या पानावर स्थानिक मॅचचे फोटो यायचे. आणि एवढं करूनही काही नाही मिळालं तर सलूनमध्ये विचारा, मस्करी नाही करत, पूर्व भागातल्या दोन-तीन सलूनच्या भिंतीवर मी स्वतः जुन्या टीमचे फ्रेम केलेले फोटो बघितलेत.

फोटो मिळाला की मोबाइलवर झूम करून बघू नका. झूम केलं की चेहराच बघता. प्रिंट काढा, पोस्टकार्ड साइज, दहा-वीस रुपयांचं काम, आणि टेबलावर ठेवून फोटोत जिथं जिथं अक्षरं आहेत ती सगळी कागदावर उतरवून काढा. जर्सी, बॅट, बॅनर, मागची भिंत, टेम्पोचा मडगार्ड, काही पण.

माझं दुसरं गाणं असं निघालं. माझा मामा कबड्डी खेळायचा, उजवा कोपरा, ऐंशीच्या दशकात जिल्ह्यात बऱ्यापैकी नाव होतं. मामीने मला त्यांच्या टीमचा फोटो दिला, कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला चहाचा डाग. सातजण रांगेत उभे, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, मधे मामा, मिशी नुकतीच फुटलेली, हसायचं नाही असं ठरवून उभा राहिल्यासारखा. सगळ्यांच्या अंगात एकसारखे बनियन-टाइप टीशर्ट, कुठल्यातरी टॉवेलच्या कारखान्याने दिलेले. कारखान्याचं नाव धुऊन धुऊन गेलेलं, त्याच्या खाली मात्र इंग्रजीत मोठ्ठं एक्स्पोर्ट. त्याच्या पुढं अजून काहीतरी होतं पण शेजारच्याने मामाच्या छातीवर आडवा हात टाकलेला, त्यामुळं ते झाकलं गेलेलं. मामाच्या छातीवर फक्त एक्स्पोर्ट.

मी चार दिवस त्या फोटोकडं बघत होतो. एक्स्पोर्ट. आणि मामा तर सोलापूर सोडून कधी गेलाच नाही, राज्याच्या सिलेक्शनला पुण्याला बोलावलं होतं तेव्हा आजोबा आजारी होते म्हणून राहिला, मग कारखान्यात कापडाच्या मागावर लागला ते लागलाच. आणि माझ्या वर्गातली पोरं बघाल तर निम्मी पुण्यात, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जी गेली ती दिवाळीलाच येतात. एक्स्पोर्ट झाला तो माल आणि एक्स्पोर्ट झाली ती पोरं, छातीवर लिहिलेला माणूस इथंच. झालं, गाणं सापडलं.

शब्द बरोबर निघाला का हे ओळखायची माझी एक पद्धत आहे, ती अशी की तो शब्द खेळाडूवरनं काढून स्वतःच्या घरातल्या माणसाला लावून बघायचा, वडलांना, बायकोला, शेजारच्या बिड्या वळणाऱ्या मावशींना. जरा टोचला, जरा हसू आलं, तर शब्द चांगला. नुसतं "हो बरोबर" वाटलं तर टाकून द्या. म्हणून वाघ, किंग, ढाण्या, बादशा हे शब्द चालत नाहीत, ते कुणालाही बसतात. आणि मोठ्ठा आकडाही चालत नाही. पॉली उम्रीगर घ्या, बालपण सोलापुरात गेलेला माणूस, १९५५ ला हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध २२३ मारल्या, भारताकडनं कसोटीतलं पहिलं द्विशतक. अभिमानाची गोष्ट, पण २२३ चं ध्रुवपद करून दाखवा मला. नाही होत. आकडा वाचायला असतो.

उलट आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे बघा. नागालँडकडनं खेळताना टी-२० त ७६ बॉलमध्ये नाबाद १६२ मारल्या तिने, भारतातल्या पुरुष-बाई कुणीच तोवर टी-२० त दीडशे केलेल्या नव्हत्या. पण गाणं लिहायचं झालं तर मी त्या १६२ ला हात लावणार नाही. मे २०२२ ला पुण्यात विमेन्स टी-२० चॅलेंजमध्ये ती खेळायला उतरली तेव्हा तिच्या बॅटवर, जिथं कंपनीचा स्टिकर असतो तिथं, पेनने लिहिलेलं होतं एमएसडी ०७. त्या बॅटने ३४ बॉलात ६९. कोऱ्या बॅटवर हाताने लिहिलेलं दुसऱ्याचं, धोनीचं नाव! तिच्यावर गाणं करायचा विचार असेल कुणाचा तर घ्या, मी हक्क सांगत नाही.

शब्द मिळाला की लगेच लिहायला बसू नका, आधी त्याच्या पाठीमागं खणा. हे मला रॉयल्सवरनंच कळलं. मी समजत होतो की कॅन्सस सिटीत कुणी राजा-बिजा असेल म्हणून टीमचं नाव रॉयल्स. तसं काही नाही. त्या गावात १८९९ पासनं जनावरांचं एक मोठं प्रदर्शन भरतं, त्याचं नाव अमेरिकन रॉयल. गायी-बैल, शर्यती, बक्षिसं. १९६८ ला टीमसाठी नाव निवडलं ते त्यावरनं. म्हणजे जगभर पोरं ज्या शब्दावर माना हलवत होती तो मुळात जनावरांच्या बाजाराचा! आपल्याकडं सिद्धेश्वरच्या यात्रेला जनावरांचा बाजार भरतो तशातलाच प्रकार. उद्या आपण टीमचं नाव सोलापूर गड्डा ठेवलं आणि वीस-पंचवीस वर्षांनी न्यूझीलंडची एक पोरगी गड्डा म्हणत ग्रॅमी घेऊन गेली, असं समजा. लॉर्डला हे बैलांचं माहीत होतं की नव्हतं तो भाग वेगळा, पण तुम्हाला तुमच्या शब्दाचं माहीत असलं पायजे, कारण गाणं वाजलं की कुणीतरी विचारतंच. आणि माणूस जिवंत असेल तर आधी त्यालाच विचारा. मी विचारलं नाही. त्याचं पुढं सांगतो.

लिहिताना अर्धा तास लावा. घड्याळ लावूनच बसा. शब्द शोधायला महिना गेला तरी चालेल पण लिहायला अर्धा तासच, नाहीतर डोकं परत ते पराक्रम घुसवायला लागतं. बोलतो तसं लिहा. आपल्याकडं एक सोय अशी आहे जी पुणे-मुंबईवाल्यांना नाही, गल्लीत तीन भाषा चालतात. मी कबड्डीच्या गाण्यात चढाई करणाऱ्याला बोलावतात तो आवाज घेतला, मराठीत "ये की", कन्नडात "बारो", तेलुगूत "रारा", तिन्हीचा अर्थ एकच आणि एकामागोमाग म्हणलं की आपोआप ठेका होतो. ये की, बारो, रारा. म्हणून बघा. त्यावर ध्रुवपद असं बसलं:

छातीवर एक्स्पोर्ट, तळव्याला माती,
सकाळच्या हुतात्म्याने गेले सारे साथी.

काव्य म्हणून फार थोर नाही हे मला पण कळतंय. पण मामाचं नाव नाही, कबड्डी शब्द नाही, पकडी किती त्याचा हिशोब नाही, आणि ज्याचा भाऊ-बहीण पुण्यात आहे तो माणूस दुसऱ्या वेळी सोबत म्हणतो.

कुणी म्हणेल की मग खेळाडूचं सरळ कौतुक केलेलं गाणं चालतच नाही का. चालतं की. १९७१ ला सुनील गावसकर वेस्ट इंडीजला गेला, पहिलीच सीरिज, चार कसोटीत ७७४ धावा, भारताने तिथं पहिल्यांदा सीरिज जिंकली, आणि लॉर्ड रिलेटर नावाच्या त्रिनिदादच्या कॅलिप्सो गायकाने त्याच्यावर गाणं केलं, ते आजपण लोक म्हणतात. योगायोग बघा, हा पण लॉर्ड. पण ते का चाललं? कारण ते हरलेल्या बाजूच्या माणसाने केलं. आमचे बॉलर दमले पण हा काही आउट होईना, असं समोरचाच म्हणतोय, त्यात मजा आहे. तेच गाणं दादर-शिवाजी पार्कातल्या कुणी केलं असतं तर ते सत्काराचं भाषण झालं असतं. म्हणजे ज्यांना सरळ कौतुकच पायजे त्यांनी कॅप्टनच्या मंडळाला बाजूला ठेवून फायनल हरलेल्या टीमकडनं लिहून घ्यावं, मी दोनदा सुचवून बघितलं, दोन्हीकडं शिव्या खाल्ल्या.

आता आवाजाचं. डीजेवाल्यांना राग येईल पण सांगतो, वाद्यं कमी ठेवा. रॉयल्समध्ये आहे काय? चुटक्या, खाली जाड ठोका, आणि तिचाच आवाज तीन-चार थरांत एकमेकांवर ठेवलेला. गती मिनिटाला साधारण ८५ ठोके, म्हणजे जेवण झाल्यावर शतपावली करतो त्याच्या आसपास. एवढं मोकळं ठेवलं की शब्द ऐकू येतो, आणि सगळी मेहनत शब्दावरच घेतलीय आपण.

ठोक्यासाठी मी माग वापरला. ओळखीच्या कारखान्यात मालकाला विचारून गेलो, मोबाइल रुमालात गुंडाळून मागापासनं तीन-चार हात लांब एका खांबाला बांधला, जवळ ठेवला तर आवाज फाटतो आणि शिवाय धोट्याच्या तोंडासमोर उभं राहू नये हे तिथला मागवाला तुम्हाला सांगेलच, माझ्यावर तर ओरडला. दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. माग गाण्यापेक्षा बराच जोरात पळतो, म्हणून सगळं रेकॉर्डिंग वापरायचं नाही, त्यातला एकच खटका कापून घ्यायचा आणि ८५ च्या गतीला एक-एक करून मांडायचा. फोनवरच्या फुकटच्या अ‍ॅपमध्ये पण होतं हे. चुटक्या घरातल्या पाचजणांच्या घेतल्या, माझ्या एकट्याच्या पाचदा घेऊन बघितल्या होत्या, पण त्या सगळ्या एकसारख्या, मशीनसारख्या वाटतात.

गळ्याचं रेकॉर्डिंग घरात. आपली घरं म्हणजे सिमेंटच्या भिंती, फरशी, पत्रा, आवाज घुमतो नुसता. स्टुडिओला तासाचे पैसे देण्यापेक्षा घरात सोलापुरी चादरी किती आहेत मोजा, प्रत्येक लग्नात दोन येतात, दहा-बारा तर निघतीलच. जाड, कॉटनच्या, जुन्या असतील तर अजून चांगल्या. लोक चूक काय करतात, तर चादर माइकच्या मागं लावतात. माइक गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघतोय, म्हणजे तो गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरनं परतणारा आवाज पकडतो, म्हणून पहिली चादर तुमच्या पाठीमागं. दोरी बांधून डबल घडीची टाकायची, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. मग दोन बाजूंना एक-एक, आणि खाली फरशीवर एक अंथरायची. पंखा बंद. फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद केला हे लक्षात राहावं म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, नाहीतर सकाळी दुधाचं दही होतं आणि घरातली गाण्याला शिव्या देतात. फोन तोंडापासनं वीतभर लांब आणि जरा तिरपा, म्हणजे प-फ ला फुंकर बसत नाही. शेजारी माग चालत असतील तर ते थांबतात ती वेळ बघून ठेवा. तेच ध्रुवपद चार वेळा म्हणा, दोन वेळा जोरात, एकदा कुजबुजत, एकदा खालच्या पट्टीत, आणि चारी एकावर एक ठेवा. एकट्या माणसाचा कोरस होतो.

परवानगीचं थोडक्यात. नेटवर टाकणार असाल तर खेळाडूला किंवा घरच्यांना आधी ऐकवा. फोटो थंबनेलला लावायचा असेल तर तो ज्याने काढला त्यालाही विचारा, स्टुडिओ बंद पडला असला तरी मालक कुठंतरी असतोच. एवढ्यावरनं भांडणं झालेली बघितलीत मी.

आणि गाणं एकदा बाहेर गेलं की त्याचं पुढं काय होईल ते आपल्या हातात नसतं. रॉयल्सचंच बघा, २०१४ ला कॅन्सस सिटी रॉयल्स वर्ल्ड सीरिजला गेले, समोर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. तर सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन रेडिओ स्टेशनांनी सीरिज संपेपर्यंत रॉयल्स गाणं वाजवायचंच बंद केलं, का तर समोरच्या टीमचं नाव आहे! त्यावर कॅन्सस सिटीच्या एका स्टेशनने ठरवलं की आम्ही दर तासाला वाजवणार. ज्या गाण्यात बेसबॉलचा ब नाही त्याच्यावरनं दोन गावं भांडली. सात मॅच चालल्या, जायंट्स जिंकले. रॉयल्सने पुढच्या वर्षी, २०१५ ला, घेतली वर्ल्ड सीरिज.

तर मामाचं राहिलं. गाणं पूर्ण झालं, मिक्स झालं, आणि मी ते एका रविवारी मामाच्या घरी घेऊन गेलो. मामा कडक भाकरीचा चुरा करून त्यावर शेंगा चटणी आणि दही घालून खात बसला होता. छोट्या स्पीकरवर लावलं. पूर्ण ऐकलं त्याने, मधी एकदा "बारो" ला मान हलली. संपल्यावर फोटो मागितला, चष्मा लावला, आणि शेजारच्याच्या त्या आडव्या हातावर बोट ठेवून म्हणला, "पुढं क्वालिटी लिहिलंतं. एक्स्पोर्ट क्वालिटी." मी म्हणलं मामा ते ठीक आहे, पण एक्स्पोर्ट व्हायचा ना माल? तर मामा हसायला लागला, ठसका लागेपर्यंत. "कुठला बे एक्स्पोर्ट! मालकाला शब्द आवडला म्हणून छापला. सगळा माल गड्ड्यात स्टॉल लावून विकायचा. मीच तर बसायचो स्टॉलवर, मॅच नसली की."

म्हणजे माझ्या दुसऱ्या कडव्यात जहाज आहे, बंदर आहे, परदेशातल्या हॉटेलात आमचा टॉवेल वाळतोय असं सगळं आहे, ते गेलं. आता तिथं स्टॉल येणार, जानेवारीची थंडी, पेट्रोमॅक्स, आणि राज्याच्या सिलेक्शनचं बोलावणं आलेला एक उजवा कोपरा टॉवेलच्या घड्या घालत "एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट" ओरडतोय. ओरडायचा तो आवाज मामाकडनंच रेकॉर्ड करून घ्यायचाय. हो म्हणलाय, पण चादरींच्या आत उभं राहायला तयार नाही, म्हणतो गुदमरतं.